चित्रातली पावलं

"मग चित्रात पावलं दाखवली, तर बिघडलं कुठे सर?"

वैजयंतीने पुन्हा तेच विचारलं.

घराच्या ओट्यावर बसलेल्या मुळ्ये सरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मांडीवरच्या चित्राकडे पाहिलं. सरांचं हे जुनंच होतं. विचारणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा आणि हे आपले सावकाश चष्मा पुसत बसायचे.

चित्र सुंदर होतं. कुडाच्या घरातली सारवलेली जमीन, त्या जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात उताणी निजवलेली एक मुलगी. उशाशी वाडगी, गळ्यात मणी, डोळे मिटलेले. पायांना दोन नाजूक पावलं.

ती पावलं खोटी होती.

हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्या मुलीचा सांगाडा मुळ्ये सरांनीच उकरून काढला होता. प्रवरेकाठच्या याच गावात, मागे दिसणाऱ्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात. वैजयंती तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होती आणि हातात ब्रश घेऊन त्याच खड्ड्यात बसली होती. मुलगी तीन हजार वर्षांपूर्वीची, सोळा-सतरा वर्षांची असावी. पायांची हाडं काटकुळी. त्यांच्यावर अंगाचा भार कधी पडलाच नव्हता. जन्मात ती उभी राहिली नव्हती.

आणि तिची दोन्ही पावलं घोट्यापासून तोडलेली होती.

तशी त्या वस्तीत सगळ्याच मोठ्या माणसांची तोडलेली होती. माणूस मेलं की त्याला घरातच जमिनीखाली पुरायचं आणि त्याआधी पावलं तोडायची, ही तिथली रीत. लहान मुलांना तेवढी सूट होती. त्यांना मडक्यांत घालून, दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवून ठेवत.

"बोला ना सर. चित्रकार खोळंबलाय. उद्या छपाईला जायचंय."

"जाऊ दे की. माझी सही कशाला लागते?"

"सही नको. तुम्ही फक्त हो म्हणा."

म्हातारा गालात हसला. वैजयंतीला ते लागलं. खरं तर तिला कुणाच्या होकाराची गरज उरली नव्हती. मुलांसाठी इतिहासाची पुस्तकं लिहावीत तर वैजयंतीबाईंनीच, असं लोक म्हणत आणि बाईंनाही ते पटलेलं होतं. सभेत कुणी उलटसुलट विचारलं की त्याला दोन वाक्यांत गप्प करण्यात त्यांचा हातखंडा होता. पण या ओट्यावर आलं की तीच बाई खड्ड्यातली विद्यार्थिनी होऊन जाई. त्याचाच तिला राग होता.

हे पुस्तक तर तिने जीव ओतून लिहिलं होतं. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी माणसं फार फार पूर्वी कशी जगली, ते दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगणारं. पूर्वी अशा मुलांना टाकूनच देत, असं सगळे सर्रास बोलतात. ते खोटं आहे, हे तिला हाडांनिशी दाखवायचं होतं. ही मुलगी म्हणजे तिचा सगळ्यात मोठा पुरावा. दात सांगत होते की तिला पोटभर खायला मिळत होतं. हाडं सांगत होती की कुणीतरी तिला वर्षानुवर्षं उचलून ठेवत होतं.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'कौस्तुभसाठी.'

कौस्तुभ तिचा मुलगा. एकोणीस वर्षांचा होऊन गेल्या कार्तिकात गेला. त्यालाही जन्मभर चालता आलं नव्हतं.

"पुस्तकात काय लिहिलंस तिच्याबद्दल?" सरांनी विचारलं.

"की तिच्या घरच्यांनी तिला जीव लावला होता. ती कशी आहे ते त्यांना नीट कळलं होतं."

"बरं."

"मग या पावलांचं काय करू? सांगा!"

"काय करू म्हणजे?"

वैजयंतीचा आवाज चढला. "सर, तुम्हीच शिकवलंत. मेलेलं माणूस घर सोडून चालतं होऊ नये, म्हणून पावलं तोडत."

"असं आपण म्हणतो. त्यांनी काही आपल्या कानात सांगितलेलं नाही."

"तरी तेच धरून चालू. जिला आयुष्यात एक पाऊल टाकता आलं नाही, तिची तोडायची काय गरज होती? तिच्या आईला एवढं कळू नये? की आईनेही नुसती रीत म्हणून... सगळ्यांची तोडतात, हिचीही तोडा! मग सतरा वर्षं तिला उचलून काय कळलं त्यांना?"

सरांनी चित्र जरा डोळ्यांजवळ धरलं.

"तसं असेल तर माझं पुस्तक खोटं आहे. ती त्यांच्या घरात होती, एवढंच. कुणाची नव्हती."

तिने मान फिरवून टेकाडाकडे पाहिलं. तिथे आता बाभळी माजल्या होत्या आणि शेळ्या चरत होत्या.

"लहान समजून मडक्यात ठेवली असती, तरी चाललं असतं," ती हळू म्हणाली. "निदान पावलं राहिली असती."

"तिला मोठी समजले ते."

"हं."

"कौस्तुभला काय म्हणत लोक?"

"बाळ." ती कडवट हसली. "मिसरूड फुटली होती त्याला. तरी डॉक्टर विचारायचे, बाळाला भूक लागते का? त्याच्यासमोर, मला. तो चिडायचा फार."

"मला आठवतो तो. आला होता इथे."

"हो. टेकाड बघायचंच म्हणून हट्ट धरला होता."

"त्याची चाकांची खुर्ची ओट्यावर चढेना. मग खालीच बसलो आम्ही दोघं. मला म्हणाला, मुळ्ये आजोबा, माझी हाडं सापडली तर तुम्ही काय ओळखाल?"

वैजयंती चमकली. हे तिला ठाऊकच नव्हतं.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, हाडं बघून माणूस किती थोडा कळतो, ते मला म्हातारपणी कळलं."

सरांनी चित्र उचलून बाजूला ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर तांब्या ठेवला.

मग सर म्हणाले, "लोक आले असतील ना भेटायला, तो गेला तेव्हा."

"आले. सगळे एकच वाक्य बोलून गेले. सुटला बिचारा. मला म्हणाले, तूही सुटलीस."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? चहा दिला."

डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. एकोणीस वर्षं त्याला पाठीवरून, कडेवरून, खुर्चीतून वागवलं होतं. तिचे खांदे दुखायचे, कंबर धरायची. आता काहीच दुखत नव्हतं आणि ते न दुखणंच तिला सोसवत नव्हतं. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी मान हलवून म्हटलं असतं, आता जरा विश्रांती घे.

"खुर्ची कुणाला दिलीस?"

"दिली नाही."

"कुणी मागितली नाही?"

"मागितली. एक संस्था आहे, त्यांचे दोनदा फोन आले. घरी आमचे हे सुद्धा म्हणतात, देऊन टाकू, कुणाच्या तरी कामाला येईल. बरोबरच आहे त्यांचं. मीच आज देते, उद्या देते..."

"कुठे असते?"

"त्याच्या खिडकीपाशी. तिथूनच त्याला रस्ता दिसायचा."

"धूळ बसत असेल."

"पुसते मी. परवा कामवाल्या मावशींनी फरशी पुसताना ढकलून दाराशी नेली. मी बाहेरून आले, तर खुर्ची दाराशी! वाटलं, निघालाच हा. मावशींवर ओरडले. कधी नव्हे ते ओरडले. मग खुर्ची परत जागेवर नेली, ब्रेक लावला, तेव्हा कुठे जिवात जीव आला."

"ब्रेक लावलास."

"लावते ना. रोज बघते लागलाय का. रात्री निजायच्या आधी..."

ती बोलता बोलता थांबली.

सर तिच्याकडे बघत नव्हते. ते ओट्याच्या खालच्या जमिनीकडे बघत होते, जिथे एकदा चाकांची खुर्ची उभी होती.

मोठमोठ्या सभांतून ज्या बाईला कधी शब्द शोधावा लागला नाही, ती गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरीसारखी रडू लागली. सरांनी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही की पाणीही पुढे केलं नाही.

शेळ्या टेकाडावरून उतरून गावाकडे निघून गेल्या.

बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. चित्रावरचा तांब्या बाजूला केला. पर्समधून पेन्सिल काढली आणि त्या दोन नाजूक पावलांवर एकेक हलकी फुली मारली.

"मुलं विचारतील, सर."

"विचारणारच."

"दहा वर्षांची मुलं असतात. विचारतील, तिला चालता येत नव्हतं, तरी पावलं का तोडली?... त्यांना मी काय सांगू?"

मुळ्ये सर ओट्यावरून उठले. भिंतीला धरून दारापर्यंत गेले. आत जाताना मागे वळून म्हणाले,

"खुर्चीचं सांग."