ठिपकीचं पान आणि अळीचा घास

मळ्यात कोबी. कोबीला पान. पानाखाली ठिपकीची अंडी. पिवळी पिवळी, इवली इवली.

ठिपकी कोण? लाल पाठीची, काळ्या ठिपक्यांची ढालकिडी. डाळीच्या दाण्याएवढी.

एक दिवस काय झालं? कुरुम कुरुम. पानाची कड गेली. कडेला एक अंडं होतं. तेही गेलं.

वर बसली होती हिरवी अळी. जाडजूड आणि खादाड.

"अळीताई, अळीताई, माझं पान सोड."

"सोडू? आणि मी काय उपाशी मरू?"

तिचंही खरंच. अळीला खावंच लागतं. कुरुम कुरुम.

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बांधावर भेटली गांधीलमाशीच्या जातीतली इवली माशी. मुंगीहून बारीक. पोटाला सुई.

"माशीमावशी, अळीला डंख मार.
अळी पान सोडेना.
माझी अंडी वाचेनात."

"मारीन की. मलाही अंडी घालायला अळीच हवी. पण अळी हिरवी, पान हिरवं. दिसणार कशी? कुरतडल्या पानाचा वास आला तरच येईन."

"मी दाखवते ना वाट."

"छे गं. आमच्यात वासाशिवाय कुणी जात नाही."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. चिंचेखाली वारा लोळत होता.

"वारेदादा, वास ने.
माशी डंख मारेना.
अळी पान सोडेना.
माझी अंडी वाचेनात."

"नेईन की. पण रिकाम्या हातांनी कसा जाऊ? कोबीने वास सोडला तरच नेईन."

मोठ्यांचं हे असंच. जो तो म्हणतो, आधी त्याला विचार.

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कोबीमामा, वास सोड.
वारा वास नेईना.
माशी डंख मारेना.
अळी पान सोडेना.
माझी अंडी वाचेनात."

"सोडतोय गं. पण एवढासाच सुटतो. अळी नुसती कड कुरतडते. तिने मधली शीर चावली, तिची लाळ शिरेत गेली, तरच मी घमघमेन."

"मामा, मधल्या शिरेपाशी माझी अंडी आहेत."

"माहीत आहे बाळ," कोबी म्हणाला. "पण मला दुसरं काही येत नाही."

ठिपकी परत आली. हळू हळू. रडत रडत. या वेळी ती मोठ्याने बोलली नाही. मनातच म्हणाली,

कोबी वास सोडेना.
वारा वास नेईना.
माशी डंख मारेना.
अळी पान सोडेना.
माझी अंडी वाचेनात.

मग म्हणाली, "अळीताई, अळीताई, मधली शीर खा. गोड असते."

"आता कशी शहाणी झालीस," अळी म्हणाली.

कचकच. एक अंडं गेलं. कचकच. दुसरं गेलं. ठिपकीने डोळे घट्ट मिटले.

अळीने शीर चावली. लाळ शिरेत गेली.
कोबीने वास सोडला. घमघम घमघम.
वाऱ्याने वास नेला. सूं सूं.
माशी वासावर आली. झुंई.
माशीने डंख मारला. टुच्च.
अळीने पान सोडलं. थप्प.

अळी मातीत पडली. पाय हलेनात. अंग हलेना. माशी तिच्या पाठीवर बसली.

"ठिपके," अळी बारीक आवाजात म्हणाली, "सोडलं ना मी पान? आता हिला जायला सांग."

ठिपकीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

"मी सांगून ती नाही जायची गं. ती वासावर आली आहे. आणि तो वास तुझ्याच घासाचा आहे."

माशीने अळीवर अंडी घातली. एक, एक, एक. अंड्यांतून पिल्लं निघाली. त्यांना भूक होती. त्यांनी अळी खाल्ली.

ठिपकी पानाखाली गेली. उरलेल्या अंड्यांवर पाय पसरून बसली. ती अंडी वाचली. अळी नाही वाचली.

पान उरलं अर्धं, गोष्ट झाली पुरी.