आठ पायांचं अस्वल

दप्तरातल्या वस्तू बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. शलाकाने शेवाळातल्या पाण्याचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि दिसला तसा गुबगुबीत, आठ पायांचा जीव वहीत काढला. बाई म्हणाल्या, “याला पाणअस्वल म्हणतात.”

खोडरबर गोंधळला. भिंतीवरच्या तक्त्यातल्या अस्वलाला तर चारच पाय होते! त्याने वहीतले जास्तीचे चार पाय खोडून टाकले. शलाकाने पुन्हा भिंगातून पाहून ते काढले. त्याने पुन्हा खोडले. कागद फाटायला आला.

“अरे, एकदा बघ तरी!” पेन्सिल वैतागली.

खोडरबराने भिंगाला डोळा लावला आणि पाय मोजले. खरंच आठ! मग तक्त्याकडे वळून तो कळवळला, “अरेरे, त्या बिचाऱ्याचे चार पाय कोणी खोडले?”