केरबा मास्तरांची रेघ

फार वर्षांपूर्वी, हिंगणदरीत एसटी यायच्याही आधी, गावात केरबा मास्तर नावाचे ड्रिलमास्तर होऊन गेले. ते दिसायला कसे होते हे आज कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी उंच म्हणतं, कुणी बुटके म्हणतं. पण त्यांची शिट्टी वाजली की दरीतला वारासुद्धा पडायचा, असं म्हणतात, आणि त्यावर मात्र सगळ्या गावाचं एकमत आहे. हिंगणदरीचा वारा ज्याने एकदा अंगावर घेतलाय त्यालाच यातलं मोठेपण कळेल.

मास्तर आले तेव्हा शाळा होती सिद्धोबाच्या देवळाच्या ओवरीत आणि पोरं होती रानात, गुरांमागे. ओवरीत बसून पाढे म्हणण्यापेक्षा त्यांना रान बरं वाटायचं. खरं सांगायचं तर कुणाला नाही वाटणार? गावाच्या वरच्या अंगाला एक माळ होता, नुसता दगडगोट्यांचा. मास्तरांनी पोरांना सांगितलं, येताना एकेक दगड उचलून कडेला ठेवायचा, मगच खेळायचं. दगड उचलता उचलता माळ तळहातासारखा झाला आणि कडेने कमरेएवढा बांध उभा राहिला. मास्तरांनी खो-खोचे दोन खांब रोवले. एका डब्याच्या बुडाला भोकं पाडली, त्यात फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी भरली आणि मैदानाभोवती रेघ ओढली. दोरी लावली नाही, काही मोजलं नाही. डोळे मिटून चालत गेले आणि रेघ अशी सरळ आली की सुतारानेही पाहत राहावं.

त्या रेघेचे काही नेम होते. आत यायचं तर चपला बाहेर काढायच्या, मग त्या पाटलाच्या असोत की कुणाच्या. कोण कुणाचा मुलगा, कुणाच्या घरी किती जनावरं, हेही चपलांबरोबर बाहेरच ठेवायचं. आईबापांनी बघायचं ते बांधापलीकडून, आणि आरडाओरडा केला तर तिथूनही जायचं. खेळ संपला की पाहुण्या पोरांना पाणी आधी, मग आपल्या पोरांना, जिंकलो तरी आणि हरलो तरी. मैदान सोडताना ते आलो तेव्हा होतं तसंच ठेवून जायचं.

आणि सगळ्यांत अवघड नेम शाळेचा. आठवड्यात शाळा बुडवली असेल तर रविवारचा खेळ बंद. मास्तर कधी हजेरीचं पुस्तक उघडायचे नाहीत. शनिवारी संध्याकाळी पोरांना रेघेबाहेर उभं करायचे आणि एकेकाला विचारायचे, ‘आठवडाभर होतास का?’ पोरगं सांगेल ते खरं. सुरुवातीला पोरांनी भरपूर थापा मारल्या. मास्तर नुसते मान हलवायचे आणि खेळू द्यायचे. पण थाप मारून रेघेच्या आत गेलेल्या पोराचे पाय जड व्हायचे, जागचे हलायचेच नाहीत, असं म्हणतात. हळूहळू पोरांनी थापा मारणं सोडून दिलं.

एकदा खुद्द रंगराव पाटलांचा नातू मामाच्या लग्नाला जाऊन आला आणि मास्तरांनी त्याला रविवारी बाहेर बसवला. पाटील तणतणत माळावर आले. मास्तरांनी रेघेकडे बोट दाखवलं. पाटील रेघेकडे बघून म्हणाले, "नेम समद्यास्नी सारका असंल तर आमची ना न्हाई, मास्तर. पर सारका पायजे."

मास्तर म्हणाले, "सारकाच हाय."

पाटील वाईट नव्हते. पण गावचा कारभार त्यांच्या हातात होता, आणि चैत्रातल्या यात्रेला येणारे बैलांचे व्यापारी माळासाठी त्यांच्या मागे लागले होते. बैलबाजाराला एवढी सपाट जागा पंचक्रोशीत नव्हती. बाजार भरला तर गावात चार दुकानं येतील, यात्रा मोठी होईल. शेवटी पाटलांनी चावडीत सांगून टाकलं, "यात्रंतल्या खो-खोत शेजारच्या पाडळदऱ्याच्या पोरास्नी हरवा, ढाल आणा, मग माळ कायमचा शाळंचा. न्हाई आणली तर दुसऱ्या दिशी सकाळी तितं बैलबाजार."

त्या दिवसापासून मास्तरांना जेवण गोड लागेना. शाळेतली निम्मी पोरं खेळासाठी यायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माळ गेला की खेळ गेला, आणि खेळ गेला की पोरं पुन्हा गुरांमागे. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. हिंगणदरीत त्यांनी आयुष्यात केलेलं म्हणून जे काही होतं ते त्या रेघेच्या आत होतं, आणि ते जाण्याची त्यांना फार भीती वाटत होती.

आता पोरांमध्ये सुभान नावाचा एक होता, गवंड्याचा मुलगा. तो खांबाला वळसा घालायचा तेव्हा त्याची सावली मागे राहायची आणि तो पुढे गेलेला असायचा, असं म्हणतात. पाडळदऱ्याची पोरं त्याच्या नावाने घाबरायची. तो होता म्हणून ढालीची आशा होती.

यात्रेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मास्तरांनी पोरांना नेहमीसारखं रेघेबाहेर उभं केलं. एकेक पोरगं ‘होतो’ म्हणत गेलं. सुभानची पाळी आली. तो खाली बघून म्हणाला, "न्हाई मास्तर. बेस्तरवारी न्हवतो."

मास्तरांनी विचारलं, "कुटं हुतास?"

मग शेजारचं पोरगं म्हणालं, "तुमीच धाडलं हुतं की वो, भट्टीवर. फक्की आणाया."

आणि मास्तरांना आठवलं. फक्की संपली होती, यात्रेसाठी रेघ ताजी हवी होती, त्यांच्या स्वतःच्या पायात काटा भरलेला होता. नदीपलीकडच्या चुनाभट्टीवर सगळ्यांत लवकर कोण जाऊन येईल, तर सुभान. भर शाळेच्या वेळी त्यांनीच त्याला पिटाळलं होतं आणि विसरूनही गेले होते. रेघेच्या नादात त्यांनीच रेघ मोडली होती.

सगळे म्हणाले, एवढं काय त्यात, शाळेच्याच कामाला तर गेला होता. पाटीलही बांधापाशी उभे राहून बघत होते. मास्तरांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "शाळा बुडली ती बुडली. पर ती पोरानं बुडवली न्हाई, म्या बुडवली. सुभान खेळंल. उद्या भाईर मी बसणार."

घरी त्यांच्या बायकोने, सरूबाईंनी, हे ऐकलं आणि भाकरी थापता थापता हात थांबवला. "अवो, त्या माळापायी तुमास्नी झोप न्हाई. आन् ऐन वक्ताला तुमीच पाठ फिरवणार? पोरं तुमच्या हाताकडं बगून पळत्यात."

"व्हय," मास्तर म्हणाले. "त्याचंच भ्या वाटतंय मला."

आणि ते खरंच होतं. सामन्यात मास्तर खांबाशेजारी उभे राहायचे आणि हाताने खुणा करायचे. कुठून वळायचं, कधी हूल द्यायची, पोरं त्या हाताकडे बघून खेळायची. त्यांच्याशिवाय ती कधी खेळलीच नव्हती.

रविवारी माळाच्या बांधावर सगळी पंचक्रोशी लोटली. मास्तर बांधापलीकडे एका धोंड्यावर जाऊन बसले आणि मैदानाकडे पाठ केली. बघितलं तर हात आपोआप उठेल, म्हणून पाठ. शिट्टीही त्यांनी काढून खिशात घातली. सामना सुरू झाला आणि मास्तर नुसते आवाजावर खेळ पाहू लागले. ‘खो’ कुठून आला, पावलं कुठे वळली, गर्दी कधी उसासली, सगळं त्यांना कळत होतं. हात मांडीखाली दाबून ते बसले होते.

पोरं सुरुवातीला गांगरली. धडाधड बाद झाली. मग सुभानने त्यांना एकत्र बोलावून काहीतरी सांगितलं आणि खेळ सावरला. होता होता दोन्ही गावं बरोबरीत आली. शेवटच्या डावात पाडळदऱ्याची पोरं पाठलाग करत होती आणि हिंगणदरीचा एकटा सुभान मैदानात उरला होता. तो बाद झाला तर ढाल पाडळदऱ्याला. वेळ संपेपर्यंत टिकला असता तर हिंगणदरीला आणखी एक डाव मिळाला असता, आणि पाडळदऱ्याची पोरं तर आधीच दमून लटपटत होती.

सुभान पळत होता. बघणारे सांगायचे की धूळ उडाली पण त्या धुळीत पाऊल उमटलं नाही. पंच एका अंगाला होते, सुभान दुसऱ्या अंगाने खांबाला वळला, आणि पाठलाग करणाऱ्या पोराची बोटं त्याच्या कोपराला निसटती लागली. पंचांना दिसलं नाही. गर्दीला दिसलं नाही. ज्याने हात लावला त्यालाही नक्की कळलं नव्हतं, तो तसाच पुढे धावत होता.

सुभान थांबला. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "लागला."

माळावर एवढी शांतता झाली की देवळातली घंटा ऐकू आली, आणि ती त्या वेळी कुणी वाजवली नव्हती, असं म्हणतात. मग लोक ओरडायला लागले. कुणी सुभानला शिव्या दिल्या, कुणी मास्तरांना. धोंड्यावर बसलेल्या मास्तरांना सारं उमजलं. माळ गेला होता. आणि तरीही त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. पोराकडे तेव्हा कुणाची नजर नव्हती, मास्तरांची तर पाठच होती. ते तिथेच बसून ढसाढसा रडले.

मैदानात हिंगणदरीची पोरंही रडत होती. पण रडता रडताच त्यांनी कळशी उचलली आणि पाडळदऱ्याच्या पोरांना आधी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मास्तर डबा घेऊन माळावर गेले. मैदान सोडताना होतं तसं करून जायचं, हा नेम होता. त्यांनी माणसांच्या पायांनी पुसलेली रेघ शेवटची म्हणून नव्याने ओढली, डबा धोंड्यावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले.

व्यापारी बैल घेऊन आले. लांबलांबच्या गावांचे बैल, कधी हिंगणदरी न पाहिलेले. पहिली जोडी रेघेपाशी आली आणि थांबली. कासरा ओढला, शेपटी पिरगाळली, बैल हलेनात. दुसरी जोडी आली, तीही थांबली. बघता बघता रेघेच्या बाहेर बैलांची रांग लागली आणि एकाही खुराने रेघ ओलांडली नाही. मग पाटलांनी आपला बैल सोन्या आणवला. तो एवढा गरीब होता की लहान पोरंसुद्धा त्याला हाताने चारायची. सोन्या रेघेपर्यंत आला, त्याने मान खाली घालून फक्कीचा वास घेतला आणि तिथेच बसकण मारली.

आता काही लोक सांगतात की चुन्याच्या वासाने बैल बुजले. ज्यांना तसं म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं. सोन्याने तर जन्मभर चुनाभट्टीवरच्या गाड्या ओढल्या होत्या.

पाटलांनी सोन्याकडे पाहिलं. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, रेघ ओलांडली आणि चालत मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी विचारलं, "मास्तर, काल त्या पोराला हात वर कर म्हून खूण कुणी केली?"

"कुणीच न्हाई," मास्तर म्हणाले. "माझी पाठ हुती."

"मलाबी त्येच दिसलं हुतं," पाटील म्हणाले, आणि वळून व्यापाऱ्यांना सांगितलं, "बैलं वढ्याकडंला न्या. बाजार तितं भरंल."

मास्तर पुढे पुष्कळ वर्षं जगले. ते गेले कसे, हे कुणी पाहिलं नाही. एके दिवशी पहाटे ते डबा घेऊन रेघ ओढायला गेले आणि परत आले नाहीत. लोक शोधायला गेले तेव्हा मैदानाभोवतीची रेघ पुरी झालेली होती. पण ती तिथे थांबली नव्हती. बांधावरून पलीकडे जाऊन ती तशीच सरळ सिद्धोबाच्या डोंगरावर चढत गेली होती, आणि अगदी वर, कड्याशी, डबा ठेवलेला होता. त्या वाटेवर आजही गवत उगवत नाही, असं म्हणतात.

आजही यात्रेच्या सकाळी बैलबाजारातली पहिली जोडी रेघेपर्यंत आणतात, तिथे तिला गूळ चारतात आणि ओढ्याकडे परत नेतात. त्यानंतरच सामने सुरू होतात. बांधापलीकडचा धोंडा अजून आहे. नेम मोडणारा मोठा माणूस, मग तो आरडाओरडा करणारा बाप असो की स्वतः शिक्षक, मैदानाकडे पाठ करून त्यावर बसतो. मागच्या यात्रेला हेडमास्तर बसले होते, स्वतःहून. आणि पाहुण्यांना पाणी अजून आधीच मिळतं.

पण मास्तरांचं खरं नाव चालतं ते यात्रेत नाही. एखाद्या साध्या संध्याकाळी माळावर जाऊन बघा. पंच नसतात, ढाल नसते, बांधावर चिटपाखरू नसतं. चारदोन पोरं उगाच पळापळी खेळत असतात. मध्येच त्यातलं एखादं थांबतं, हात वर करतं, ‘लागला’ म्हणतं आणि आपलं आपण रेघेबाहेर जाऊन बसतं.