उंबऱ्यावरचा स्फटिक

"याचे रंग कुठे गेले?"

भानुबुवांच्या तळहातावर एक ओबडधोबड, कोनाकोनांचा स्फटिक होता. सकाळी त्यावर मोराच्या गळ्यावरचे निळे-जांभळे रंग होते. आता तो नुसता पिवळा होता.

"रंग नव्हतेच ते, बुवा," त्यांचा शिष्य मुकुंद म्हणाला. "मळ होता. समाधीपुढे ठेवायचा म्हणून चिंच लावून घासला. तांब्या-ताम्हनासारखा."

"आणि आणणारा?"

"डोमा? दाराबाहेर बसलाय. मठात राहायचं म्हणतो." मुकुंदचा आवाज चढला. "दारू गाळायचा तो, बुवा! तुरुंगात जाऊन आलाय. आधी सगळं धुऊन ये, मग बघू, असं मी स्पष्ट सांगितलं."

बुवा उठले, दाराशी गेले. मुकुंद मागोमाग.

डोमा घाईघाईने उभा राहिला. बुवांच्या हातातला दगड पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हा तुला मिळाला तेव्हा कसा होता रे?"

"असाच जी. तांब्याच्या खाणीत कामाला होतो, तिथं मिळाला. फोडला तेव्हा पिवळाजर्द."

"मग रंगला कधी?"

"माय गेली तेव्हा उंबऱ्यावर ठेवला. आमच्यात ठेवतात जी, दुःखाचे दिवस सरतात म्हणून. मग तिथंच राहिला. वारा लागला, दव लागलं... पोरं पाय देऊन जात. कधी रंगला, कळलंच नाही."

मुकुंदने मान खाली घातली. क्षणभरच.

"पण बुवा, नियम..."

बुवा खाली वाकले. स्फटिक मठाच्या उंबऱ्यावर ठेवला, अगदी मधोमध.

"इथे? येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागतील!"

"लागू देत."

डोमा अजून बाहेरच उभा होता. हात जोडलेले, नजर मुकुंदकडे.

मुकुंद वाटेत उभा होता. बराच वेळ... मग तो बाजूला झाला.

डोमाने दगड चुकवून पाऊल आत टाकलं.

"त्याला अंघोळीला पाणी काढू का, बुवा?" मुकुंदने हळूच विचारलं.

"नको. चिंच उरली आहे?"

"आहे थोडी."

"मग तिचं सार कर. आज आपण तिघं जेवू."