फुकट नाण्याचं दळण

महिपतराजाने स्वतःच्या चेहऱ्याचं नवंकोरं तांब्याचं नाणं पाडलं आणि बाजारात त्याला कुत्रं हुंगेना! भाजीवाली तर सरळ म्हणे, "जुनं असेल तर द्या बाई. ह्याच्यावरच्या मिशा बघून माझी वांगी सुकतात!"

राजा हट्टाला पेटला. "फुकट वाटा! दारात येईल त्याला रोज एक! लोकांच्या हातात खेळलं की आपसूक चालेल."

राजवाड्याच्या दाराशेजारच्या खिडकीत वाटायला बसवलं सटवाजी कारकुनाला. बिचारा पोतं सकाळी उघडायचा आणि न्याहारीच्या आत झटकायचा! लोक एकदा घेऊन जात, खोटी मिशी लावून परत येत, तिसऱ्यांदा बायकोचं लुगडं नेसून! लांबच्या वाडीवरून दुपारी पोचणारे मात्र हात हलवत माघारी.

राजा कडाडला, "सटवाजी! उद्या कुणाला नाव विचारायचं नाही, कुणाला परत धाडायचं नाही, शिपाई ठेवायचा नाही. तरी पोतं दिवेलागणीपर्यंत पुरलं पाहिजे. नाहीतर बायकोसकट राज्याबाहेर हो!"

सटवाजी घरी येऊन गाठोडं बांधू लागला. त्याची बायको सगुणा राजवाड्यात दळण दळायची. ती म्हणाली, "अहो, सोडा ते गाठोडं! माझे सोळातले अकराच सोमवार झालेत. उरलेले पाच काय रानात करू? महादेव आहे ना! उद्या खिडकीशी मी बसते."

दुसऱ्या दिवशी खिडकीपुढे चार जाती मांडलेली! सगुणेने जात्यांना हळदकुंकू वाहिलं, शेजारी कोठारातली ज्वारी ठेवली आणि हाक दिली, "या, बसा! एक शेर दळा, एक नाणं घ्या! कितीदाही या, अडवणार कोण?"

खोट्या मिशीवाल्याने एक शेर दळला, घामाने मिशी हनुवटीवर आली. दुसऱ्या खेपेला कंबर धरून बसला, तिसऱ्या खेपेला आलाच नाही. वाडीवरच्या बाया मात्र आल्या, ओव्या म्हणत दळून, नाणं कनवटीला लावून हसत गेल्या.

एक गोसावी तेवढा सहा वेळा आला. दर वेळी कफनी वेगळी, पण दळायची रीत तीच! जात्यात मुठीमुठीने दाण्यांची वैरण घालायची, तर हा ओंजळीने कोंबायचा. सगुणेने त्याला सहाही नाणी दिली आणि त्याचं पीठ बाजूच्या परातीत ठेवलं.

दिवे लागले. पोत्यात अजून नाणी खुळखुळत होती!

राजा जेवायला बसला, सटवाजी आणि सगुणेला समोर बोलावलं. पहिल्या घासालाच तोंड वाकडं. "ही भाकरी की वाळू? कुठल्या मूर्खाने दळलंय हे?"

"सांगते महाराज. पण आधी पोतं पुरलं म्हणा!"

"पुरलं कसलं? तो गोसावी मीच होतो! सहा नाणी लुटली मी तुझी!"

"लुटली कुठे? सहा शेर दळून कमावलीत की! आणि त्या मूर्खाचं नाव मी घेत नाही. तुमच्या ताटात त्याचंच पीठ आहे."

राजाने हातातल्या भाकरीकडे पाहिलं, मग तळहातावरच्या फोडांकडे. आणि असा हसला, असा हसला, की ठसका लागून पाणी प्यावं लागलं!

"सटवाजी, तुझं काम पक्कं! आणि सगुणाबाई, हे तुम्हांला!" म्हणत तो मनगटातलं सोन्याचं कडं काढू लागला. पण दळून हात टम्म सुजलेला, कडं हलेना! शेवटी सगुणेनेच मुदपाकखान्यातून लोणी आणलं, राजाच्या मनगटाला चोळलं आणि आपलं बक्षीस आपणच ओढून काढलं!