दुसरा दाब

एकदा एका घाटमाथ्यावर एक वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवीत असत. गावाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही कदाचित पुढच्याच आठवड्यात त्या घाटानं उतराल, उगाच मनाला धाकधूक नको. मिस्त्री फक्त ब्रेकचं काम करीत. इंजिनाला हात लावीत नसत. “गाडी पळवणारे पुष्कळ आहेत, थांबवणारा एखादा तरी असू दे,” असं म्हणत. सारा घाट त्यांना उस्ताद म्हणून ओळखे.

त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य म्हटल्यावर कोवळं पोर डोळ्यांपुढे आणू नका. चाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप, अठरा वर्षं हाच धंदा केलेला माणूस. नुसत्या आवाजावरून तो ब्रेकचा लायनर किती झिजलाय ते सांगे, आणि ते खरं निघे. स्वतःच्या हाताचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

पण उस्तादांची एक रीत त्याला मनापासून छळत असे. कुठल्याही गाडीचं काम पुरं झालं की उस्ताद रस्त्यापलीकडच्या टपरीवरच्या कोंडाबाईला हाक मारीत. कोंडाबाई चहा विकायची. जन्मात तिला सायकलसुद्धा आली नव्हती. ती पदराला हात पुसत यायची, चपला खाली काढून ठेवायची आणि ड्रायव्हरच्या सीटवर अवघडून बसायची. उस्ताद तिच्या शेजारी बसून गाडी आवारातल्या लहानशा उतारावर सोडीत. खाली वाळूची पोती रचलेली असत. “हं, दाबा!” म्हटलं की कोंडाबाई एकदा, फक्त एकदाच, पाय द्यायची. गाडी थांबली तर म्हणायची, “लागला.” नाही थांबली तर पोत्यांना धडकेपर्यंत ओरडायची, “अगं बया, गेला की खाली!” मग त्या गाडीचं काम परत पहिल्यापासून. ट्रकवाले हे पाहायला मुद्दाम थांबत आणि पोट धरून हसत.

शिष्यानं एकदा न राहवून विचारलं, “उस्ताद, माझ्या पायापेक्षा मावशीचा पाय शहाणा आहे का?”

“छे! तिचा पाय अडाणी आहे. म्हणूनच तर बोलावतो.”

“म्हणजे काय?”

“वेळ आली की कळेल,” उस्ताद म्हणाले आणि विडी पेटवून मोकळे झाले.

गोष्टींतल्या म्हाताऱ्यांना ही एक वाईट खोड असते. वेळ आली की कळेल! अहो, कळायचंच आहे तर आजच सांगा ना. पण शिष्यानं मान डोलावली आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं, की म्हाताऱ्याला वेड लागलंय.

मार्गशीर्ष सरत आला होता. उस्ताद मोतीबिंदूची पट्टी सोडायला शहरात गेले होते, दुसऱ्या दिवशी यायचे होते. सकाळीच गॅरेजसमोर एक अजब गाडी येऊन उभी राहिली. साठ वर्षांपूर्वी कुणा हौशी संस्थानिकानं शिकारीला जायला बांधून घेतलेली घरगाडी होती ती. आत पलंग, शेगडी, भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट, कोनाड्यात लंगडा बाळकृष्ण, आणि खिडकीशी कुंडीतली तुळस. एका डाळीच्या व्यापाऱ्यानं ती भंगारातून सोडवून सहा वर्षं जिवापाड जपली होती. दुकान पुतण्यांच्या हवाली करून तो बायकोला, मंदाकाकूंना, घेऊन निघाला होता. साठी उलटून गेली तरी मंदाकाकूंनी समुद्र पाहिला नव्हता, आणि अमावास्येची भरती दाखवीन असं त्यानं त्यांना वचन दिलं होतं. अमावास्या उद्यावर आली होती.

“तसं गाडीला काही झालेलं नाही,” शेठ म्हणाले, “पण पंपावरचा माणूस म्हणाला, इथं दाखवल्याशिवाय घाट उतरू नका.”

“मीसुद्धा चालवते बरं का,” मंदाकाकू खिडकीतून हसून म्हणाल्या. “सपाटीवर. यांनी शिकवलं मागच्या महिन्यात, दुकानाच्या टेम्पोवर. पुतण्यांना वाटलं, म्हातारीला काय थेर सुचलेत!”

शिष्य हसला. हे वाक्य त्यानं ऐकलं होतं. पुढं आयुष्यभर त्याला ते ऐकू येत राहिलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्यानं ब्रेक दाबून पाहिला. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर घट्ट लागलं. त्यानं चारही चाकांचे ड्रम उघडले, साफ केले, नळ्यांतली हवा काढली. दोष पेडलचा दाब चाकांकडे पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या रबरात होता. इतकं जुनं रबर बाजारात मिळेना, करवून घ्यायचं तर चार दिवस लागणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जुनंच रबर पुसून परत बसवलं आणि पेडल दाबलं. तेच. पहिला दाब पोकळ, दुसरा पक्का.

“अहो, हे तर पहिल्यापासून आहे,” शेठ म्हणाले. “दोनदा दाबला की लागतो. माझ्या पायाला ठाऊक आहे. चार दिवस थांबलो तर भरती गेली.”

शिष्याला कळत होतं, की हे बरोबर नाही. कोंडाबाईला बोलावलं तर ती काय ओरडेल हेही त्याला कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्याला लाज वाटली. एवढा जाणता व्यापारी समोर उभा, आणि अठरा वर्षांच्या कारागिरानं आपल्या कामाची परीक्षा चहावालीला घ्यायला लावायची? उस्ताद नव्हते, पहिल्यांदाच शब्द त्याचा चालणार होता. त्यानं शब्द दिला. “दोनदा दाबा, शेठ, आणि खुशाल जा.”

मंदाकाकू तेव्हा रस्त्यापलीकडे कोंडाबाईकडे चहा पीत बसल्या होत्या. दोघींचं चांगलं जमलं होतं. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, याची चर्चा चालली होती. त्यांना काही सांगावं असं ना शिष्याच्या मनात आलं, ना शेठच्या. जेवण उरकून एकच्या सुमारास घरगाडी घाटात शिरली.

तीनच्या एसटीनं उस्ताद आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. पिशवी खाली ठेवायच्या आधीच एक ट्रकवाला खालून येऊन थांबला आणि म्हणाला, “उस्ताद, ती घराची गाडी गेली हो. डोंगराच्या बाजूला घुसलीय. म्हातारा जागच्या जागी संपला. बाई वाचली.”

उस्तादांनी शिष्याकडे पाहिलं. “कोंडाबाईंनी दाबला होता?”

पलीकडे कोंडाबाई हातात गाळणं घेऊन तशीच उभी होती. “मी होते की रं हितंच,” ती म्हणाली. “एक हाक मारायची व्हतीस.”

चौथ्या दिवशी गुरुशिष्य घाट उतरून खालच्या गावच्या दवाखान्यात गेले. तोवर शेठचे अंत्यसंस्कार उरकले होते. पंचनामाही झाला होता. त्यात लिहिलं होतं, की चालक महिलेचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात घडला. ब्रेकबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मोडून पडलेल्या गाडीचं पेडल दाबून बघायचं कुणाला सुचणार? वऱ्हांड्यात पुतण्यानं ते वाचून दाखवलं, वर आवाज चढवून म्हणाला, “हिला चालवायला सांगितलं होतं कुणी? काकांचा जीव घेतला हिनं!” ते ऐकून शिष्याच्या छातीवरचा दगड क्षणभर हलका झाला. त्याला तसं वाटलं, हे मी लपवणार नाही. माणूसच तो. आपलं नाव कुठंच नाही हे कळल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

मंदाकाकू खाटेवर बसल्या होत्या. एक हात प्लास्टरमध्ये, कपाळ मोकळं. त्यांनी शिष्याला ओळखलं आणि बसायला खूण केली.

“बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गाडीतले जाणकार. एक विचारायचं होतं. दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, सगळे माझ्यावरच चिडलेत.”

“विचारा ना, काकू.”

“घाटाच्या मध्यावर तो सपाट पट्टा आहे ना, तिथं यांना जेवणाची सुस्ती आली. म्हणाले, एवढा सपाट भाग तू घे, उतार लागला की मला उठव. आणि मागं जाऊन पडले. उतार कुठं सुरू झाला ते मला कळलंच नाही हो. गाडीनं वेग घेतला तसा मी ब्रेक दाबला. पार खाली गेला, लागलाच नाही. मी पाय तसाच दाबून धरला, जीव खाऊन दाबून धरला, आणि ‘अहो’ म्हणून किंचाळले. ते उठले. मागून ओरडायला लागले, ‘पुन्हा! पुन्हा!’ मला कळेना, काय पुन्हा? चाक पुन्हा फिरवू? हॉर्न पुन्हा वाजवू? दरीपेक्षा डोंगर बरा म्हणून मी गाडी डोंगराकडे घातली. ते कपाट त्यांच्या अंगावर आलं. शेवटपर्यंत ते ‘पुन्हा’च म्हणत होते.” त्यांनी शिष्याकडे पाहिलं. “चार दिवस झाले, डोळा लागत नाही. काय पुन्हा हो?”

शिष्यानं उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी काळा चष्मा काढला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनी मदत केली नाही. उत्तर दिलं नाही तर पंचनामा तसाच राहणार होता, पुतणे तसेच बोलत राहणार होते, आणि ही बाई मरेपर्यंत स्वतःला नवऱ्याची मारेकरीण समजणार होती. उत्तर दिलं तर शिष्याचं काय होईल, ते त्यालाच ठाऊक.

“काकू,” तो म्हणाला. “ब्रेक सोडून पुन्हा दाबायचा होता. तो दुसऱ्या दाबाला लागायचा. हे शेठना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी दुरुस्त न करता गाडी सोडली. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही बरोबर दाबलात. चुकलं माझं.”

मंदाकाकूंनी जमिनीला टेकलेला पाय उचलून परत दाबला.

“आणखी एकदा?” त्या म्हणाल्या. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग मला का नाही सांगितलं कुणी? मी रस्त्याच्या पलीकडेच तर बसले होते.”

शिष्य रडला, अगदी हुंदके देऊन रडला. त्या मात्र रडल्या नाहीत. तोंड भिंतीकडे वळवून म्हणाल्या, “जा आता. हे माझ्या पुतण्यांना सांगून जा.” त्यानं वऱ्हांड्यात जाऊन सांगितलं. पुतण्यानं त्याच्या कानफटात मारली. ती त्यानं खाल्ली, आणि तिथूनच ठाण्यात जाऊन आपला जबाब लिहून दिला. त्यापायी पुढं त्याला जे भोगायचं होतं ते त्यानं भोगलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ठाण्याबाहेरच्या बाकावर उस्ताद बसून होते. शिष्य शेजारी येऊन टेकला. उस्ताद बोलू लागले.

“जाणत्या माणसाला ब्रेकची गरज कमी असते रे. तो खोट सांभाळून घेतो. सांभाळता सांभाळता ती खोट यंत्रातून निघून त्याच्या पायात जाऊन बसते, आणि मग ती खोट आहे हेच तो विसरतो. शेठनं काही बायकोपासून लपवलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. पण पाय कधीतरी बदलतो. नव्या पायाला काही ठाऊक नसतं, आणि ब्रेक असतो तो त्याच्यासाठी. म्हणून मी कोंडाबाईला बसवीत होतो.”

“हे तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तर...” शिष्य म्हणाला, आणि स्वतःच थबकला.

“बोल, बोल. खरंच आहे ते.” उस्तादांच्या नव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, औषधाचं की कसलं कोण जाणे. “रीत तुला दिली, कारण माझ्यापाशी ठेवलं. ते मला इतकं सवयीचं झालं होतं, की सांगायचं राहिलंय हेच मी विसरलो. वेळ आली की कळेल म्हणालो. वेळ आली, आणि एक माणूस घेऊन गेली. शेठच्या पायात जे होतं तेच माझ्या तोंडात होतं. तुझ्या जबाबाखाली माझंही नाव घालून ये. मी इथंच बसतो.”

शिष्य उठला आणि परत आत गेला.

आता उस्ताद नाहीत. गॅरेज शिष्य चालवतो. काम पुरं झालं की तो कोंडाबाईला हाक मारतो, आणि पाहणारे हसायच्या आधीच सगळी हकिगत त्यांना सांगतो, स्वतःच्या चुकीसकट. कोंडाबाई पार थकलीय. पाय दिल्यावर गाडी थांबली तरी तिची खात्री पटत नाही, ती दुसऱ्यांदा दाबायला जाते. मग तो तिचा गुडघा हलकेच धरतो.

“नको मावशी,” तो म्हणतो. “पुन्हा नको. एकदाच.”

ज्यांच्या हाती आपलं चाक उद्या जाणार आहे, ते आज रस्त्यापलीकडेच बसलेले असतात. त्यांना हाक मारून सांगावं.