दारातला चेहरा

चित्रपटांतील करामतीची दृश्ये रचणाऱ्या एका वृद्ध कलावंताकडे एकदा एक तरुण शिकायला आला. वृद्धाला सगळे मास्तर म्हणत. शिष्याला पहिले काम मिळाले ते पुसण्याचे. हवेत उडणाऱ्या नायकाला तोलून धरणाऱ्या तारा संगणकावर एकेका चित्रातून नाहीशा करायच्या. पुढे तो कोरड्या नदीला पूर आणू लागला, ओसाड माळावर सैन्य उभे करू लागला. जे नाही ते दाखवण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही, आणि मग त्याला स्वतःचा चित्रपट दिग्दर्शित करण्याची संधी मिळाली.

चित्रपट एका म्हाताऱ्याचा होता. केशरीनाथ नावाचे जुने नट ती भूमिका करीत होते. म्हातारा घर सोडून कायमचा निघून जातो, हा शेवटचा प्रसंग तेवढा चित्रित व्हायचा राहिला होता. त्याआधीच केशरीनाथ झोपेत वारले.

शिष्य डगमगला नाही. त्याच अंगकाठीचा दुसरा माणूस त्याने दारात उभा केला आणि केशरीनाथांचा चेहरा संगणकावर घडवून त्याच्यावर बसवला. म्हातारा दारात उभा राहून घराकडे पाहतो आहे, पाहतच राहतो आहे. श्वासाबरोबर नाकपुड्या किंचित हलत, पापण्या मधूनच मिटत. संमतीसाठी त्याने नटाच्या पत्नीला, हेमलताबाईंना, बोलावले.

बाई पडद्यासमोर बसल्या. खुर्ची ओढून आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हेच आहेत. ह्यांना उद्या पुन्हा बघायला आले तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. येताना थर्मासमधून चहा आणू लागल्या. एक कप स्वतःला घेत, दुसरा पडद्यासमोर ठेवीत. जाताना सांगून जात, "बंद करू नका हं. हे जागे आहेत." कामावरची माणसे त्या खोलीवरून जाणे टाळू लागली. आणि एका दुपारी बाई हसून म्हणाल्या, "आज हे माझ्याशी बोलले."

शिष्याने सगळी चित्रे तपासली. ओठ कुठेच हलले नव्हते. परंतु तपासून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की खोलीत शिरताना आपणही पडद्याला नमस्कार केला होता, आणि तो आजच नव्हे, रोज करीत होतो. तो तडक मास्तरांकडे गेला.

मास्तरांनी सारे ऐकून घेतले. उपदेश केला नाही. म्हणाले, "माझा चेहरा कर."

"तुमचा? कशासाठी?"

"कर तर खरा. मी येऊन बसतो समोर."

मास्तर येऊन बसत गेले आणि शिष्य काम करीत गेला. चेहरा सिद्ध झाला तेव्हा दोघे पडद्यासमोर बसले. पडद्यावरच्या मास्तरांनी पापणी मिटली, उघडली आणि ते शिष्याकडे पाहू लागले. त्यांची नजर हटेना.

"छान झालाय," शेजारचे मास्तर म्हणाले. "आता पुसून टाक."

शिष्याने बोट पुसण्याच्या कळीवर ठेवले. पडद्यावरचा चेहरा तसाच पाहत होता, रागावलेला नव्हता, जणू शिष्य काय ठरवतो याची वाट पाहत होता. बोट खाली जाईना.

"मास्तर, नाही होत."

"का रे? मी तर इथं बसलोय. हा बघ, मला खोकलासुद्धा येतोय."

"माहीत आहे. तरी नाही होत."

तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "मी तुझ्या शेजारी जिवंत बसलो असताना तुझा हात थांबला. ज्या बाईच्या शेजारी आता कुणीच नाही, तिनं तो चेहरा कसा सोडावा? चूक माझी आहे. जे नाही ते दाखवायला मी तुला शिकवलं. पण तू आता दिग्दर्शक झालास. प्रसंग कुठं संपतो हे दिग्दर्शकानं ठरवायचं असतं. तुझा म्हातारा दारात उभा आहे, बाळा. तो जातच नाहीये."

एवढे बोलून ते उठून गेले. खोलीत शिष्य आणि तो चेहरा उरले. शिष्याने डोळे मिटून घेतले आणि कळ दाबली. दुसऱ्याच क्षणी तो धावत खिडकीशी गेला आणि तिचा जाड पडदा जरासा बाजूला करून डोकावला. खाली फाटकाजवळ मास्तर हातगाडीवरचे पेरू दाबून दाबून पाहत होते. शिष्य कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

हेमलताबाई आल्या तेव्हा त्याने पडदा सुरू केला नाही. समोर बसून विचारले, "काकू, काका घरातून बाहेर पडायचे, ते कसे?"

बाई गोंधळल्या. मग सावकाश आठवू लागल्या. "येतो म्हणायचे नाहीत कधी. चपला पायात सरकवायच्या, दाराची कडी उगाच एकदा हलवायची, की निघाले. मागं वळून म्हणून बघायचे नाहीत. मला फार राग यायचा त्याचा."

शिष्याने तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. या वेळी चेहरा घडवलाच नाही. पाठमोरा म्हातारा चपला पायात सरकवतो, कडी हलवून पाहतो आणि अंगण ओलांडून जातो. मग दार तेवढे दिसत राहते.

बाईंनी ते एकदाच पाहिले. म्हातारा दिसेनासा झाला, तरी त्या रिकाम्या दाराकडे बघत होत्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते असे घरची माणसे सांगत. ते आता आले, आणि त्यांनी ते पुसले नाही.

"गेले," त्या म्हणाल्या.

पुष्कळ वेळाने बाईंनी खिडकीकडे मान वळवली. जाड पडद्यामुळे बाहेरचे काही दिसत नव्हते.

"बाहेर ऊन आहे का हो अजून?"

"आहे," शिष्य म्हणाला, आणि त्याने पडदा सरकवला.